इटलीत शिकायला येताय आणि शाकाहारी आहात? मग हे वाचा

'बोंज्योर्नो' आणि 'ग्रात्सिए' तुम्ही पाठ करूनच येणार, त्यात वेळ घालवत नाही. दारात 'स्यामो इन दुए' (दोघे आहोत), मागवताना 'पेर मे' (माझ्यासाठी) म्हणून मेनूवरचं नाव, शेवटी 'इल कोंतो, पेर फावोरे'. मागितल्याशिवाय बिल येत नाही, ताटकळत बसू नका. बिलात माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, ते टेबलावर बसण्याचे पैसे असतात.

आता खरी गोम. 'सोनो वेजेतारियाना' (मुलग्यांनी 'वेजेतारियानो') एवढं सांगून निर्धास्त होऊ नका. मिलानोत नवीन असताना मी ते सांगूनच रिझोत्तो मागवला. केशराचा पिवळाधमक भात, वर मांसाचा कणही नाही. अर्धी ताटली संपल्यावर कळलं, तांदूळ मांसाच्या पाण्यात शिजवलाय. रिझोत्तो आल्ला मिलानेजेत तर परंपरेनं बैलाच्या हाडातली मज्जाही पडते. वेटर खोटं बोलला नव्हता, त्याच्या लेखी ताटलीत मांस नव्हतंच! म्हणून थेट विचारा: 'ए फात्तो कोन ब्रोदो दि कार्ने ओ वेजेताले?' म्हणजे पाणी मांसाचं की भाज्यांचं? 'वेजेताले' ऐकू आलं तरच मागवा. दक्षिणेत पुलियाकडच्या चीमे दि रापाच्या (एक पालेभाजी) पास्त्यात खारवलेले मासे विरघळवलेले असतात, दिसत नाहीत. 'सेन्त्सा आच्चूगे' (ते मासे न घालता) म्हणा. रोमान्या भागातल्या पियादिनात (पोळीसारखी भाकरी) 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. आणि पार्मिज्यानो रेज्जानो या चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनंच (दूध गोठवणारा पदार्थ) फाडतात, नियमच तसा आहे. चालवायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी खाते. घरी सांगितलेलं नाही.

उपाशी मात्र राहत नाही कुणी. पिझ्झा मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही. बहुतेक ठिकाणी मेनूतला सगळ्यात स्वस्त पिझ्झा तोच. स्पागेत्ती आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण-तेल, बहुधा लाल मिरचीसकट. आपल्या जिभेला लगेच रुचतं.

'सुरुवातीला सीनियरला सोबत न्या' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. तो तुमच्या वाटचं बोलून टाकतो आणि तुम्ही पदवी घेईपर्यंत मुकेच. फोन पुढे धरून ॲपला बोलायला लावणं तर त्याहून वाईट, वेटरचं उत्तर तुम्हाला कळायला नको का?

एकटे जा, पण संध्याकाळी साडेसातला, दार उघडता उघडता. तेव्हा तुमचं तुटकं वाक्य ऐकून आत स्वयंपाक्याला विचारून यायला वेटरकडे सवड असते. शनिवारी रात्री नऊला ती नसते.