कापडी वायरीला बल्बचा होल्डर जोडताना

कापडी वायर शोभेची. आत नेहमीच्याच पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) आवरणाच्या तारा असतात, वरचं विणलेलं कापड ना वीज अडवतं ना वजन पेलतं. म्हणून सगळी काळजी घ्यायची ती टोकाशी, जिथे कापड संपतं आणि तांबं उघडं पडतं.

होल्डर पितळी असेल तर तीन तारांची वायर घ्या, अर्थिंगशिवाय धातूचा होल्डर लावूच नका. प्लास्टिक किंवा बॅकेलाइटचा असेल तर दोन तारांची चालते. जाडी दोन्हीकडे ०.७५ चौरस मिलिमीटर. सोबत ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग, वायर स्ट्रिपर, बारीक पेचकस, काळी टेप आणि मल्टिमीटर. नागपुरात बर्डी किंवा इतवारीच्या बाजारात वायर घेताना टोक उघडून तारांचे रंग बघा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या इस्त्रीची कापडी वायर मात्र वापरू नका. तिच्या आतलं रबर वाळून भुगा झालेलं असतं आणि वाकवली की कापडाच्या आत तांबं तांब्याला टेकतं.

कापायच्या जागी आधी टेपचे दोन घट्ट वेढे द्या आणि वेढ्याच्या मधोमध कापा. तसंच कापलं तर विणकाम उसवत जातं आणि दोरे पुढे टर्मिनलच्या स्क्रूखाली जातात. स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, पण तो दोऱ्यावर बसलेला असतो. मग जोड सैल राहून तापतो. टोक लायटरने जाळायचा मोह टाळा. सुती कापड पेटतं, नायलॉन वितळून तारेच्या पीव्हीसीला चिकटतं.

आता होल्डरची टोपी आणि शेडची रिंग वायरीत ओवून घ्या. जोडणी झाल्यावर टोपी टेबलावरच राहिल्याचं लक्षात येणं हा या कामातला ठरलेला घोळ.

टोकापासून कापड (खाली गोल आवरण असेल तर तेही) ३५ मिलिमीटर काढा, उसवू शकणाऱ्या कडेवर पुन्हा टेप. प्रत्येक तारेचं पीव्हीसी ८ मिलिमीटर सोला. अर्थिंगची तार बाकीच्यांपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटते. ०.७५च्या तारेत साधारण २४ बारीक तारा असतात. सोलताना चार-पाच तुटल्या तर टोक छाटून पुन्हा सोला. सोललेल्या बारीक तारा घड्याळाच्या दिशेने पिळा, कारण स्क्रूही त्याच दिशेने आवळतो. टोकाला सोल्डर लावू नका. ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो.

आट्यांच्या होल्डरमध्ये तपकिरी तार मधल्या पत्रीच्या टर्मिनलला, निळी आट्यांच्या टर्मिनलला. उलटं झालं तर बल्ब फिरवताना बोट फेजला लागू शकतं. पिनांच्या होल्डरमध्ये दोन्ही टर्मिनल सारखीच. अर्थिंग पितळी अंगाच्या स्क्रूला. एकही केसाएवढी तार बाहेर डोकावू देऊ नका.

लटकत्या दिव्याचं वजन तांब्यावर येता कामा नये. गोल वायरीला टोपीतली पकड कापडावर नीट आवळा. कापड घसरतं, म्हणून पकडीखाली टेपचा एक वेढा. पिळाच्या दोन तारांच्या वायरीला टोपीच्या आत गाठ मारा, त्यासाठी तारा ८ सेंटिमीटर सुट्या करा आणि गाठ बसल्यावर जास्तीची टोकं छाटून मग सोला. तपकिरी तारेचा वेढा वायरीच्या समोरून घ्या. निळी तार तपकिरीच्या टोकावरून, वायरीच्या मागून नेऊन त्या वेढ्यातून बाहेर काढा आणि दोन्ही टोकं ओढा.

प्लगवर एल, एन, ई छापलेलं असतं: तपकिरी एलला, निळी एनला, हिरवी-पिवळी ईला, म्हणजे मोठ्या पिनेला. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठे जाईल ते कळत नाही.

प्लग लावण्याआधी बल्ब काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एल पिन ते मधली पत्री बीप, मोठी पिन ते पितळी अंग बीप, एल ते एन शांतता. शेवटच्या ठिकाणी बीप आला तर आत एखादी तार भरकटली आहे. मीटर नसेल तर वायरमनच्या सिरीज बोर्डावर (ज्यात सॉकेटच्या वाटेतच एक बल्ब जोडलेला असतो) लावून घ्या. शॉर्ट असेल तर सिरीजचा बल्ब पूर्ण पेटतो.

बंद केल्यावरही एलईडी मंद उजळत राहिला तर बोर्डाचा स्विच न्यूट्रलवर असण्याची शक्यता मोठी. मग दिवा नाही, बोर्ड दुरुस्त करायचा, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं.

बल्ब ९ वॅटपर्यंतचा एलईडीच लावा. जुना ६० वॅटचा बल्ब होल्डरला भाजतो. आणि उन्हाळ्यात दिवा कूलरपासून दूर. सांडलेल्या पाण्यात पडलेली सुती वायर वातीसारखी भिजत वर चढते, आणि तो ओलावा पोचतो थेट प्लगच्या किंवा होल्डरच्या टर्मिनलपाशी.