चेसिलच्या किनाऱ्यावर मुशी: गळाच्या स्पर्धेत डॉगफिश कशी धरावी

कोकणात आपण ज्या लहान शार्कला मुशी म्हणतो, तिची थंड पाण्यातली एक ठिपकेवाली नातलग इंग्लंडच्या किनाऱ्यावर रात्री गळाला लागते. तिचं नाव डॉगफिश. एरवी इथले हौशी मासेमार तिला पाहून नाक मुरडतात. स्पर्धेत मात्र ती पट्टीवर साठ-पासष्ट सेंटिमीटर भरते आणि शेजाऱ्याचा व्हायटिंग, म्हणजे इथला नेहमीचा छोटा मासा, जेमतेम तीस. दोन माशांचं काम एकटी करणाऱ्या मुशीला नावं कशाला ठेवायची?

आधी नियमांचा कागद वाचा. बहुतेक स्पर्धांत मासा मोजून लगेच सोडायचा असतो. कुठे सेंटिमीटरवर गुण देतात, कुठे लांबीवरून तक्त्यात वजन बघतात. एका काठीला जास्तीत जास्त तीन गळ ही अट नेहमीची. काही आयोजक मुशीला कमी गुण देतात. तसं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि व्हायटिंगच्या मागे लागा.

मी हे चेसिलच्या अनुभवावरून सांगतोय. दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेटमधला हा सुमारे 29 किलोमीटरचा गोट्यांचा किनारा. पश्चिमेला गोटे वाटाण्याएवढे, पूर्वेला पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे. पाणी काठापासूनच खोल आहे, त्यामुळे साठ-सत्तर मीटरची फेक पुरते. लांब फेकण्याच्या हौसेपायी आमिष हवेतच सुटून जातं, हे नवख्यांना दोन-तीन स्पर्धांनंतर कळतं.

सामान साधंच. बारा-तेरा फुटी बीचकास्टर, म्हणजे किनाऱ्यावरून लांब फेकायची काठी, 15 ते 18 पौंडी तंगूस आणि त्याच्या पुढे फेकीचा झटका सोसणारा जाड तंगूस. याचा हिशेब सोपा: शिशाच्या दर औंसाला दहा पौंड. म्हणजे पाच औंसी, तळाला रुतणारे तारांचे पाय असलेल्या शिशाला निदान 50 पौंडी, मी 60 लावतो. ही काटकसरीची जागा नाही. तंगूस तुटला तर ते शिसं गोळीसारखं सुटतं आणि आजूबाजूला माणसं असतात. गळ 1 किंवा 1/0 नंबरचे, लांब दांड्याचे, टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेले. गळाचे आखूड दोरे 25 पौंडी ठेवा, कारण मुशीच्या कातडीवर बारीक दातांसारखे खवले असतात आणि पातळ दोरा त्यांवर घासून झिजतो. हे कातडं पूर्वी लाकूड घासायला वापरायचे.

खरा खेळ आमिषाचा. अंधारात मुशी नाकाने शिकार करते. मॅकरल, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, त्याची बोटभर पट्टी कापा, शेजारी माकुळाची पातळ पट्टी ठेवा आणि दोन्ही बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गळाच्या दांड्याला घट्ट गुंडाळा. गळाचं टोक उघडं राहिलंच पाहिजे. सँडईल, म्हणजे वामासारखी बारीक लांबट मासळी, मिळाली तर उत्तम. तिचं पोट सुरीने जरा चिरा, म्हणजे रस पाण्यात उतरतो. दहा-पंधरा मिनिटांत आमिष धुऊन पांढरं पडतं आणि त्याला वासच उरत नाही. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री निदान वीस-पंचवीस आमिषं बांधून डब्यात थंड ठेवावीत. किनाऱ्यावर बर्फासारख्या बोटांनी पट्ट्या कापत बसण्यासारखी शिक्षा नाही.

दर वेळी त्याच जागी टाका, म्हणजे वास एकाच ठिकाणी साचत जातो. मासा लागला की गोळा करताना रिळाचे फेरे मोजा. पुढची फेक तेवढ्याच अंतरावर. पाणी वाहतं हवं. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, मंद पाण्यात वास फारसा पसरत नाही. उधाणाच्या दिवसांत मुशा वाहत्या वासाच्या मागावर येतात, मात्र ओढ फार झाली की शिसं तळ सोडतं. सूर्य मावळल्यानंतरचा पहिला तास मी कधीच वाया जाऊ देत नाही.

आता चावा. काठीचं टोक दोन-तीनदा मान हलवल्यासारखं करतं, मग थांबतं, कधी तंगूस एकदम सैल पडतो. इथेच हात आवरायचा. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी प्रत्येक हिसक्याला काठी खेचली. तीन मुशा अगदी काठापर्यंत आल्या आणि तिथे तोंड उघडून निवांत परत गेल्या. मुशी आमिष नुसतं तोंडात धरून येते. गळ लागलेलाच नसतो. म्हणून दोन-तीन मिनिटं थांबा, सैल तंगूस हळूच गोळा करा, वजन जाणवलं की न थांबता एकसारखं ओढत राहा. तेवढ्या वेळात दुसऱ्या गळाला दुसरी लागली तर बोनस. उलट फार वेळ ठेवलं तर ती गळ गिळते, मग सोडवताना तिचेही हाल आणि तुमचेही.

काठाला लाट वर येईल तेव्हा तिच्याबरोबर मासा गोट्यांवर सरकवा. पाण्यात उतरू नका. चेसिलची परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते आणि माणसालाही.

हातात घेतली की मुशी शेपटीने मनगटाला विळखा घालते आणि पॉलिश पेपर फिरवल्यासारखं कातडं सोलून निघतं. एका हाताने मानेमागे धरा, शेपूट जोर न लावता वळवून त्याच मुठीत घ्या. दुसऱ्या हातात लांब चिमटा. हात ओले हवेत, मोजपट्टीही ओली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, शेजाऱ्याला दाखवून कार्डावर सही घ्या आणि तिला ताबडतोब पाण्यात सोडा.

तोवर आमिष लावलेला गळ-दोऱ्यांचा दुसरा संच खुंटीवर तयार टांगलेला असावा. जुना काढला, नवा अडकवला, फेकला, आणि मग चिमटा पुसायचा, चहाचा घोट घ्यायचा. शेवटची फेक स्पर्धा संपल्याच्या शिट्टीच्या पंधरा मिनिटं आधी, आणि शिट्टीपूर्वी पाच मिनिटं ओढायला सुरुवात. शिट्टीनंतर बाहेर आलेला मासा धरायचा की नाही, यावर काळोखात वाद घालणारे दर स्पर्धेला दोघे तरी असतातच.