एंडोमेट्रिओसिस असलेल्या महिलांना सोबत करताना या चुका टाळा

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर किंवा मूत्राशयाजवळ वाढू लागले की त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी महिला व मुलींना हा आजार आहे, आणि त्याचे निदान होईपर्यंत अनेकदा ४ ते १२ वर्षे निघून जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात ती वर्षे कशी जातात हे येथील बायकांना सांगावे लागत नाही: काही वर्षे “पाळीत दुखायचंच” म्हणून माहेरी जातात, काही “लग्न झालं की थांबेल” म्हणून वाट पाहण्यात जातात, आणि उरलेली “अजून पाळणा का हलला नाही” या चौकशीला उत्तरे देण्यात.

अशा वेळी हाच त्रास सोसलेली शेजारची अक्का किंवा संघातली एखादी ताई जवळ येऊन बसते, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र अगदी मायेने केलेल्या सोबतीतही काही चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच असते. जिला दुखते तिचे बोलणे पुरे होण्याआधीच आपले बोलणे सुरू होते.

ऐकण्याआधीच अर्थ लावणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. निपाणीकडे घरी बसून विड्या वळणारी एखादी बाई मांडीवरचे सूप बाजूला ठेवत हळूच म्हणते, “पाळीच्या दिवसांत संडासला बसलं की आत सुरी फिरवल्यागत होतंय.” ऐकणारी लगेच म्हणते, “मूळव्याध असणार गं, दिवसभर बसून काम. मलाबी होती.” बाई मान डोलावते, सूप परत मांडीवर घेते आणि विषय संपतो. खरे तर पाळीच्या काळात शौचाच्या वेळी होणारी तीव्र वेदना हे या आजाराचे एक महत्त्वाचे लक्षण आहे आणि ते डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवे होते. येथे एवढेच विचारणे पुरेसे होते: “दर पाळीला होतंय, की मधल्या दिवसांतबी?” पाळीशी येणारा संबंध, वेदनेची जागा, लघवीच्या वेळी, शौचाच्या वेळी किंवा शरीरसंबंधाच्या वेळी होणारा त्रास, पोट फुगणे, न जाणारा थकवा, या गोष्टी तिने तिच्याच शब्दांत सांगाव्यात आणि तिची इच्छा असेल तर त्या तशाच लिहून ठेवाव्यात. त्यांना वैद्यकीय नावे देण्याचे काम आपले नाही.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे स्वतःच्या दुखण्याने दुसरीचे दुखणे मोजणे. “माझा तर चौथा टप्पा होता, तुझा पहिलाच आहे, एवढं काय मनाला लावून घेतीस?” असे बोलणे केवळ दुखावणारे नाही, ते वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. शस्त्रक्रियेत दिसलेला आजाराचा विस्तार आणि प्रत्यक्ष जाणवणारी वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयात जुने रक्त साठून झालेली गाठ, असूनही एखादीला फारसे दुखत नाही, तर अगदी थोडा आजार असलेली दुसरी दर महिन्याला अंथरूण धरते. आपला अनुभव जरूर सांगावा, पण तिने विचारल्यावर आणि थोडक्यात.

“मूल झालं की बरं होईल” हे वाक्य पुढे नेणे

हे वाक्य सासू म्हणते, मावशी म्हणते आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकू येते, त्यामुळे सोबत करणाऱ्या स्वयंसेविकेच्या तोंडीही ते नकळत येते. मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्राच्या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की केवळ एंडोमेट्रिओसिसवर उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी थांबल्याने काही जणींना तात्पुरता आराम पडतो, पण आजार त्यामुळे बरा होत नाही. उलट बाजूने “हा आजार म्हणजे मूल होणारच नाही” हेही असत्य आहे. काही जणींना गर्भधारणेत अडचण येते आणि अनेकींना मुले होतात. लग्न न झालेल्या मुलीसमोर यांपैकी कोणतेही विधान करताना विशेष जपावे, कारण तिच्या घरात त्याचा अर्थ लगेच स्थळ पाहण्याशी जोडला जातो.

आपल्या डब्यातली गोळी देणे

दुखणाऱ्या बाईला गोळी न देता बसणे अवघड असते हे मान्य आहे, तरीही गोळी देऊ नये. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना दिली होती. या औषधाने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांसाठी या गटातील वेदनाशामके धोक्याची ठरू शकतात. डायनोजेस्ट किंवा गर्भनिरोधक गोळ्यांसारखी संप्रेरकांची औषधे तर तपासणीशिवाय कोणालाच देऊ नयेत. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी, रक्तदाब यांची चौकशी डॉक्टरच करू शकतात. “माझ्या उरलेल्या आहेत, वाया कशाला घालवायच्या” हा विचार या बाबतीत सोडून द्यावा. गरम पाण्याची पिशवी द्या, चहा द्या, तिच्या पोरांना दोन तास सांभाळा.

“पिशवी काढून टाक, एकदाची कटकट संपेल”

सीमाभागात हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की त्याविरुद्ध कितीही लिहिले तरी थोडेच ठरेल. शेतीत, ऊसतोडीत किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या बाईला दर महिन्याची पाळी हा बुडालेल्या मजुरीचा हिशोब असतो आणि त्याच हिशोबाने गर्भाशय काढण्याचा निर्णय होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

एंडोमेट्रिओसिस हा गर्भाशयाबाहेरचा आजार असल्याने केवळ गर्भाशय काढल्याने तो नाहीसा होईलच असे नसते, आणि मागे राहिलेला आजार पुढेही दुखू शकतो. सोबत दोन्ही अंडाशये काढली तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडांवर व हृदयावर तिचे दूरगामी परिणाम होतात. काही जणींसाठी ही शस्त्रक्रिया योग्य असते, त्यामुळे “अजिबात करू नकोस” असेही आपण म्हणू नये. तिला प्रश्न तयार करून देणे ही आपली मदत आहे: पिशवीबरोबर अंडाशयेही काढणार आहात का? बाहेरचा आजार त्याच वेळी काढणार का? औषधांचा कोणता पर्याय अजून करून पाहिलेला नाही? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ आहे का? निर्णय तिचा असतो आणि तो आपल्याला पटला नाही तरी शस्त्रक्रियेनंतर तिच्या घरी जाणे थांबवू नये.

“स्कॅनिंग नॉर्मल आहे, मग काय दुखतंय?”

सोनोग्राफीत अंडाशयावरची सिस्ट बहुधा दिसते, पण ओटीपोटाच्या पडद्यावरचे लहान, वरवरचे ठिपके अनेकदा दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या बाईला “बघ, काही नाही, बरंच झालं” म्हणू नये. वर उल्लेखलेल्या मार्गदर्शिकेने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला निदानाची एकमेव खात्रीची कसोटी मानणे सोडले आहे आणि लक्षणांवरून उपचार सुरू करण्यास वाव ठेवला आहे. त्यामुळे रिपोर्टमध्ये काही दिसले नाही तरी तिने पुन्हा डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ असतो, आणि तेथे दोन-तीन महिन्यांच्या नोंदी फार उपयोगी पडतात. पाळीची तारीख, वेदना दहापैकी किती, कोणती गोळी घेतली, कामावर किती दिवस जाता आले नाही, एवढे वहीच्या एका पानावर मावते.

आपल्या भागात कागदपत्रांची एक खास अडचण होते. खानापूरच्या बायका बेळगावला जातात, अथणी-कागवाडच्या मिरजेला आणि निपाणीच्या कोल्हापूरला. पहिला रिपोर्ट एका शहरात, दुसरा भलतीकडे आणि शस्त्रक्रियेचा कागद सासरच्या कपाटात, असे होते. बाई मराठीत सांगते, डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात आणि कागद इंग्रजीत असतो. सोबत जाणारीने दुभाषाचे काम जरूर करावे, पण बाईच्या वाक्यात स्वतःची भर घालू नये. दुखणारी जागा तिला बोटाने दाखवू द्यावी. खर्चाचा अंदाजही आधी घ्यावा: जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना सरकारी साध्या बसचा राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे, पण मिरज-कोल्हापूरला तिकीट काढावे लागते, आणि आरोग्य योजनेचे कार्ड सीमेपलीकडच्या रुग्णालयात चालते का हे निघण्यापूर्वीच विचारलेले बरे.

चारचौघींत विचारपूस करणे

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर “काय म्हणाले गं डॉक्टर?” असे मोठ्याने विचारले की त्या बाईचे पुढचे सगळे बोलणे बंद होते. व्हॉट्सॲप गटावर कोणाच्याही रिपोर्टचा फोटो टाकू नये, नाव झाकून सुद्धा, कारण लहान गावात गाव आणि वय कळले तरी माणूस ओळखू येतो. अनेक घरांत फोन एकच असतो. फोन लावला की पहिले वाक्य “आता बोलायला जमतंय का?” हेच असावे, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवावे.

सोबतीची मर्यादा न ओळखणे

अचानक उठलेली असह्य कळ, चक्कर किंवा बेशुद्धी, तापासह पोटदुखी, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखणे, सतत उलट्या होऊन शौच व वायू अडकणे, यांपैकी काहीही असेल तर समजूत घालत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. “जगून काय करू” असे शब्द कानी आले तर ते पाळीच्या दिवसांचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. तिला एकटे ठेवू नये, स्वतःला काही करून घेण्याचा विचार मनात येतो का हे शांतपणे थेट विचारावे आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तिच्याबरोबर बसून फोन करावा.

गट चालत नसेल तर

अशा बायकांना एकमेकींशी बोलता यावे म्हणून जमवलेल्या गटात कोणी बोलतच नसेल तर बहुधा जागा चुकलेली असते. अंगणवाडीच्या व्हरांड्यात, जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषांच्या नजरेसमोर कोणीही ओटीपोटाविषयी बोलणार नाही. एकच बाई सगळा वेळ घेत असेल तर तिला वेगळी भेट द्यावी. पावडर किंवा काढा विकणारी बाई गटात शिरली तर पहिल्याच दिवशी स्पष्ट नकार द्यावा, ओळखीची असली तरी. आणि सुगीत उपस्थिती घटली म्हणून गट मोडला असे समजू नये, त्या महिन्यात केवळ फोनवर भागवावे.

स्वयंसेविका स्वतःही बहुतेक वेळा रुग्ण असते, हे सगळेच विसरतात. तिच्याही पाळीचे दिवस असतात, म्हणून प्रत्येक बाईमागे दोघींची जोडी असावी आणि फोन घेण्याची वेळ ठरलेली असावी. एखादीला हे काम सोडायचे असेल तर तिने तसे आधी सांगावे, नव्या सोबतिणीला काय सांगायचे आणि काय नाही हे त्या बाईलाच विचारावे आणि आपल्याकडचे तिचे सर्व कागद तिला परत करावेत.