कठीण दिवसांत पुस्तक आणि घरचे पेय यांचा आधार कसा घ्यावा

घरातले माणूस गेल्यावर, आजारपण लांबल्यावर किंवा बोटीवरची नोकरी सुटून अचानक गावी परतावे लागल्यावर मन कशातच लागत नाही. एरवी दोन रात्रींत कादंबरी संपवणारा वाचकही अशा वेळी एकाच परिच्छेदावरून पुन्हा पुन्हा डोळे फिरवतो आणि शेवटी पुस्तक मिटून मोबाईल हातात घेतो. म्हणून दुःखात असलेल्या माणसाला ‘काहीतरी वाच, बरे वाटेल’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. वाचनाला बसण्याआधी हातांना थोडे काम मिळावे आणि वाचन कोठे थांबवायचे हे आधीच ठरलेले असावे. घरी करायचे साधे पेय ही दोन्ही कामे करते, कारण ते तयार होईपर्यंत हात गुंतलेले राहतात आणि कप रिकामा झाला की त्या वेळचे वाचन संपते.

प्रथम वेळ आणि जागा ठरवावी. दिवसातली एकच वेळ निवडावी आणि ती शक्यतो बदलू नये. ज्यांना संध्याकाळ जड जाते त्यांनी दिवेलागणीची वेळ घ्यावी. पहाटे जाग येऊन विचार सुरू होत असतील, तर तीच वेळ योग्य. बाल्कांवातल्या (घराच्या दर्शनी ओसरीतल्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसावे किंवा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पण अंथरुणात बसून वाचू नये, कारण झोप आधीच बिघडलेली असते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने चार्ज केलेला दिवा जवळ असू द्यावा.

मग पुस्तक निवडावे. या पायरीवर घाई करू नये, कारण पुस्तक चुकीचे निवडले की वाचनावरचाच विश्वास उडतो. माझे ठाम मत असे आहे की पहिल्या काही आठवड्यांत नवे आणि मोठे पुस्तक हाती घेऊच नये. पूर्वी वाचलेले आणि आवडलेले पुस्तक पुन्हा काढावे. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे मध्येच लक्ष उडाले तरी धागा तुटत नाही, आणि ओळखीच्या पात्रांची सोबत मिळते ती वेगळीच. तसे पुस्तक घरी नसेल, तर दोन-तीन पानांत संपणारे लेखन निवडावे: ललित लेख, प्रवासवर्णनातील एखादे प्रकरण, लघुकथा किंवा कविता. ज्यांचे दुःख अगदी ताजे आहे त्यांनी मृत्यू आणि विरह हाच विषय असलेले साहित्य काही काळ बाजूला ठेवले तरी चालेल. काहींना मात्र नेमके तेच वाचून मोकळे वाटते, तेव्हा याबाबत स्वतःच्या मनाचा कौल मानावा. संकटांवर मात करण्याचे दहा उपाय सांगणारी पुस्तके मी या काळात कोणालाही सुचवणार नाही, कारण त्यांतील उपाय जमले नाहीत की खचलेला माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो.

डोळे अक्षरांवर ठरतच नसतील, तर मोठ्याने वाचावे. आपल्याकडे श्रावणात पोथी वाचली जाते, ती अशीच एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची असते. ओवी किंवा अभंग मोठ्याने म्हटला की श्वास आपोआप संथ होतो, आणि अर्थाकडे लक्ष नसले तरी लय माणसाला पुढे नेते.

घरात हवे ते पुस्तक नसल्यास ग्रंथालयात जावे. पणजीत पाटो येथे असलेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 सालापासूनची आहे, आणि तेथे मराठी, कोकणी, इंग्रजी व पोर्तुगीज ग्रंथ आहेत. पणजी दूर पडत असेल, तर तालुक्याचे किंवा गावचे वाचनालय गाठावे. कपडे बदलून घराबाहेर पडणे आणि कोणाशी फारसे न बोलता माणसांत तासभर बसणे, यानेही मन थोडे हलके होते.

आता पेय करावे. रोजच्यासाठी मी कषाय, म्हणजे मसाल्यांचा काढा, सुचवेन. त्याची पूड एकदा करून ठेवली की काम सोपे होते. चार मोठे चमचे धने, दोन मोठे चमचे जिरे, एक मोठा चमचा बडीशेप, एक लहान चमचा मिरी आणि पाव चमचा मेथी घ्यावी. हे जिन्नस मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत, कारण जिरे धन्यांच्या आधी करपते. भाजताना कढईजवळून हलू नये, वास बदलतो तिकडे लक्ष ठेवावे. निवल्यावर जाडसर दळून काचेच्या बरणीत भरावे. एका कपासाठी एक कप पाण्यात एक लहान चमचा पूड घालून पाच मिनिटे उकळावे, गाळावे आणि त्यात माडाचा गूळ विरघळवावा. दूध हवे असल्यास ते वेगळे गरम करून शेवटी ओतावे. गूळ आणि दूध एकत्र उकळल्यास दूध फाटण्याची शक्यता असते. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ वगळावा. चहा-कॉफी मात्र दुपारी चारनंतर टाळावी, कारण कॅफिनचा परिणाम कित्येक तास टिकतो आणि रात्री झोप उशिरा लागते.

जेवणावरची वासनाच उडाली असेल, तर नाचणीचे तिझण करावे. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ एक कप थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे आणि मंद आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. गूळ आणि चिमूटभर मीठ घालून उतरवल्यावर नारळाचा रस मिसळावा. यात पोटालाही आधार मिळतो.

उन्हाळ्यात सोलकढी बरी. आठ-दहा सोलां (आमसुले) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत, अर्ध्या नारळाचा रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची व मीठ घालावे आणि त्याच दिवशी संपवावी. ती तापवू नये. आंबटामुळे अॅल्युमिनियमचे भांडेही वापरू नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये.

फेणी किंवा हुर्राक (काजूची सौम्य दारू) अनेक घरांत असते, आणि दुःखात कोणीतरी आपुलकीने ग्लास पुढे करतोच. दारूने झोप लवकर लागली तरी ती उत्तररात्री मोडते, आणि सवय जडायला हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. वाचनाच्या या वेळेत ती नसावी.

वाचताना कपाची मर्यादा पाळावी. पाच पाने झाली की पुरे. पान आठवत नसेल तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचावे. मध्येच रडू आले तर पुस्तक खाली ठेवून रडावे.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर पुस्तकावर विसंबून राहू नये. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि बांबोळी येथे शासनाचे मानसोपचार रुग्णालयही आहे.

गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा अन्य रुग्णालयात कोणाच्या उशाशी बसावे लागत असेल, तर तेथेही हाच क्रम चालतो. कषाय घरून थर्मासमध्ये न्यावा आणि पिशवीत मावेल असे पातळ पुस्तक घ्यावे. रुग्ण जागा असेल आणि त्याला हवे असेल, तर एक-दोन पाने हळू आवाजात वाचून दाखवावीत. त्याला पेय देण्यापूर्वी मात्र पथ्याविषयी परिचारिकेला विचारावे, कारण शस्त्रक्रियेच्या आधी काही तास तोंडाने काहीही देत नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांचे पाणीसुद्धा अनेकदा मोजून ठरवलेले असते.