थवा न उठवता पक्षी कसे बघावेत

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर मी एक पराक्रम केला. वीस-पंचवीस चक्रवाक बदकं निवांत बसली होती आणि मला त्यांचा तो केशरी रंग आणखी जवळून हवा होता. चार पावलं पुढे टाकली, तर अख्खा थवा 'आँग आँग' करत नदीपलीकडे. मागे पहाटेपासून ट्रायपॉड लावून बसलेले एक आजोबा होते. ते काही बोलले नाहीत. लेन्सला झाकण लावलं आणि थर्मासमधला चहा ओतायला घेतला. एका पुणेकराने दुसऱ्याला न बोलता सोडणं म्हणजे काय, ते इथे सांगायला नको.

तेव्हापासून जे शिकलो, ते सकाळच्या क्रमाने सांगतो.

आदल्या रात्री

कपडे मातकट, खाकी किंवा मळकट हिरवे काढून ठेवा. मॅरेथॉनला मिळालेला पोपटी टी-शर्ट कपाटातच राहू द्या. अत्तर-डिओ नको. फोन सायलेंटवर, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. एका गटात पाच-सहा माणसं पुष्कळ झाली. पंधरा जण निघालात तर ती सहल होते, आणि सहलीला पोह्यांचे डबे निघतातच.

अंतर कसं ठरवायचं

'किती मीटर लांब थांबायचं?' असं नवखे विचारतात. आकडा नसतो. सोसायटीतला दयाळ पक्षी तुम्हाला दहा फुटांवर चालवून घेईल, माळावरचा भोवत्या (शिकारी पक्षी) शंभर मीटरवरूनही उठेल. पण पक्षी आधी सांगतो, ते वाचायला शिका. पहिल्यांदा त्याचं खाणं थांबतं आणि मान ताठ होते. ही पहिली सूचना. तिथेच थांबा, जमल्यास खाली बसा. मग तो तुमच्याकडे पाठ करून चालू लागतो, डोकं खालीवर करतो, किंवा ओरडतो. ही दुसरी, आणि ती मिळाली याचा अर्थ तुम्हाला उशीर झालाय. सावकाश मागे या. तिसरी सूचना म्हणजे उड्डाण.

सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका, तिरकं, थांबत थांबत जा. त्याच्याकडे टक लावून बघत पुढे सरकणारा प्राणी त्याच्या हिशेबी एकच असतो. गाडीतून बघता येत असेल तर उतरू नका. इंजिन बंद करून काच खाली केलीत की गाडीसारखी दुसरी लपण नाही.

हिवाळ्यातल्या पाहुण्यांच्या बाबतीत हे जास्त पाळा. पट्टकादंब हंस, चक्रवाक हिमालयापलीकडून येतात आणि परतीच्या प्रवासासाठी इथे चरबी साठवतात. दर वेळी उठवलेला थवा त्यातलीच शिदोरी खर्च करतो.

माळावर गाडी वाटेवरच ठेवा

सासवड, सुपे, मोरगावकडच्या गवताळ माळांवर गाडी कुठेही घालता येते, म्हणून घालायची नसते. उन्हाळ्यात धाविक, चंडोल, टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली आली तरी कळणार नाही.

टिटवीचं जरा सविस्तर सांगतो. चार अंडी, जमिनीला जेमतेम खळगा. वर टिटवी बसते ती ऊब द्यायला, असं आपण धरून चालतो. एप्रिलच्या दुपारी ती सावली धरून बसलेली असते. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार करते. तुम्ही 'एकच फोटो' म्हणून वीस मिनिटं उभे राहिलात, तर ती वीस मिनिटं डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहते आणि खाली अंडी तापतात. वरून कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो. तुम्ही गेलात की कुठे बघायचं ते त्याला कळलेलं असतं. टिटवी ओरडायला लागली, की आलात त्याच वाटेने परत फिरा. समुद्र आटवायला निघालेली बाई आहे ती, माघार आपणच घ्यायची.

झाडावरच्या घरट्याचंही तेच. फोटोत आड येते म्हणून फांदी वाकवणं, पानं तोडणं म्हणजे घरटं उन्हाला आणि शिक्र्याला उघडं करणं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे 'शिकार' शब्दाच्या व्याख्येतच येतं. हे ऐकल्यावर बरेच कॅमेरे खाली येतात.

मोबाइलवर कॉल वाजवू नका

उन्हाळ्यात दयाळ नर पहाटे टोकावर बसून गातो, ते हद्द सांगण्यासाठी. तुम्ही खालून त्याचंच गाणं वाजवलंत की त्याला वाटतं, घरात कुणी घुसलंय. तो शोधत, फुगत, चिडत येतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि त्याची पिल्लांना भरवायची वेळ जाते. अळ्या टाकून पक्षी काडीवर आणणं, कुरवांना (सीगल) नावेतून शेव-गाठ्या टाकणं, तेही नकोच.

जागा कुणाला सांगायची

घरट्याची आणि घुबडाची जागा कुणालाच नाही. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास अघोरी उद्योगांसाठी घुबडं पकडली जातात, म्हणून शृंगी घुबडाचा फोटो टाकताना फोनमधलं लोकेशन काढून टाका आणि कातळाची ओळखू येईल अशी पार्श्वभूमी कापा. 'कुठे मिळालं?' असं कुणी विचारलं तर 'पुणे जिल्हा' म्हणा.

पिल्लू खाली दिसलं तर

एप्रिल ते जूनमध्ये पंख फुटलेली पिल्लं उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. आईबाप जवळपास असतात. मांजराची भीती असेल तर पिल्लू उचलून शेजारच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा गैरसमज आहे. मांज्याने जखमी पक्षी मिळाला, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

भिगवणला नावेत बसण्याआधी

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर नाव वल्हवणारे बहुतेक मासेमार. थवा उठला की शहरातली माणसं खूश होऊन जास्त पैसे देतात, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकलंय. म्हणून भाडं ठरवतानाच बोलून घ्या. गेल्या फेब्रुवारीत मी म्हणालो, "दादा, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उठवायचे नाहीत. नाही दिसले जवळून तरी पैसे पूर्ण."

त्याने एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग बऱ्याच लांबवर इंजिन बंद केलं आणि वल्हं आडवं ठेवलं. पाऊण तास आम्ही नुसते बसलो. रोहित उलट्या चोचीने चिखल चाळत चाळत आपणच आमच्याकडे सरकत आले. इतके जवळ, की पाणी गाळल्याचा आवाज येत होता.

मी कॅमेऱ्याकडे हात नेला, तसा तो कुजबुजला, "आता हलू नका, साहेब."