जुन्या कराचीच्या आठवणी कशा ऐकाव्यात आणि कशा टिपाव्यात

कोकणी मुसलमानांच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजातल्या अनेक कुटुंबांचे नातलग कराचीत आहेत, आणि 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच असल्यामुळे काही मराठी घराण्यांच्या कागदपत्रांतही ते शहर डोकावते. अशा घरांतली वडीलधारी माणसे साठ-सत्तरच्या दशकांतल्या कराचीविषयी बोलू लागली की सदर या बाजारपेठेतली इराणी हॉटेले, गोवेकर वादकांचे बँड, बंदर रोडवरची ट्राम आणि साडी नेसून कॉलेजात जाणाऱ्या मुली हटकून येतात. हे सारे टिपून ठेवायचे असेल, तर ऐकणाऱ्याने थोडी तयारी करून बसावे. कारण सांगणाऱ्याच्या मनात वीस-पंचवीस वर्षे एकमेकांत पार मिसळून गेलेली असतात.

पहिले काम सालाचे. ‘हे कोणत्या वर्षी?’ असा थेट प्रश्न बहुधा वाया जातो, म्हणून खुणा विचाराव्यात. तेव्हा ट्राम चालू होती का? ती 1975 मध्ये बंद झाली. घरी टीव्ही होता का? पाकिस्तानात दूरचित्रवाणी नोव्हेंबर 1964 मध्ये लाहोरला सुरू झाली आणि कराचीत त्यानंतर पोहोचली. माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न मात्र सुटीचा आहे: शाळेला सुटी रविवारी असे की शुक्रवारी? साप्ताहिक सुटी 1977 ते 1997 शुक्रवारी होती, आणि शाळेची सुटी कोणी विसरत नाही. रस्त्यांची नावे बोलणाऱ्याच्या तोंडची तशीच लिहावीत. जो आजही झैबुन्निसा स्ट्रीटला ‘एल्फी’ म्हणतो, त्याच्या मनातला रस्ता अजून एल्फिन्स्टन स्ट्रीटच आहे. छायाचित्र समोर आले तर इमारती पाहाव्यात. हबीब बँकेचा उंच गोल मनोरा पूर्ण उभा दिसत असेल, तर ते चित्र साठच्या दशकाच्या आरंभीचे असणे शक्य नाही.

दुसरे काम अधिक नाजूक आहे. ‘झियांनी सगळे बिघडवले’ हे लष्करशहा झिया-उल-हक यांच्याविषयीचे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येईल. ते जसेच्या तसे लिहून घ्यावे, मध्येच दुरुस्त करू नये, परंतु वहीच्या समासात तारखा नोंदवाव्यात. दारूबंदी आणि नाइट क्लब बंद करण्याचा निर्णय विरोधकांच्या आंदोलनापुढे नमून पंतप्रधान भुट्टो यांनी एप्रिल 1977 मध्ये घेतला. झिया सत्तेवर आले ते 5 जुलैला, आणि त्यांचे इस्लामी शिक्षांचे हुदूद अध्यादेश फेब्रुवारी 1979 चे. शिवाय ज्या ऐंशीच्या दशकाला ही मंडळी दूषणे देतात, त्याच दशकातल्या, सेन्सॉरच्या कात्रीखाली बनलेल्या लेखिका हसीना मोईन यांच्या दूरचित्रवाणी मालिकांच्या आठवणीने त्यांचे डोळे चमकतात. ही विसंगती मिटवू नये, कारण लिखाणात तीच सर्वांत मोलाची ठरते.

त्यानंतर छायाचित्राच्या चौकटीबाहेरच्या माणसांकडे वळावे. देशाच्या उद्योगांपैकी दोन-तृतीयांश बावीस घराण्यांच्या हाती असल्याचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी 1968 मध्येच सांगितले होते. तेव्हा क्लबमधल्या नाचाची गोष्ट संपली की घरातली आया कुठे राहत असे, खानसामा सुटीच्या दिवशी काय करीत असे, हे सहजपणे विचारावे. डिसेंबर 1971 पर्यंत निम्म्याहून अधिक पाकिस्तानी पूर्वेकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, राहत होते. वर्गातल्या बंगाली मुलांचे पुढे काय झाले, असा प्रश्न केल्यावर अनेकदा बोलणे थांबते. घाई न करता ती शांतता पाळावी आणि ‘येथे बराच वेळ बोलल्या नाहीत’ एवढेच लिहावे.

बैठक तासाभरापेक्षा लांबवू नये. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, उर्दू आणि कोंकणी शब्द देवनागरीत तसेच ठेवावेत, आणि मजकूर तयार झाल्यावर तो त्यांनाच वाचून दाखवावा. छायाचित्रे परत करण्यापूर्वी त्यांच्या मागच्या बाजूचेही फोटो काढून घ्यावेत, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली नावे बहुधा तिथेच असतात.