फोटोवरून मोझेक गोधडी: चेहरा ओळखू येत नसेल तर या चुका तपासा

आजीचा एखादा जुना फोटो घ्यायचा, त्यावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीसाठी कापडाचा एक चौकोनी तुकडा निवडायचा आणि सगळे तुकडे जोडून गोधडी करायची. ऐकायला हे सरळ आहे. पण शिवणात हात बसलेल्यांचीही गोधडी फसते, कारण चेहरा बिघडतो तो मशीनवर बसण्याच्या बराच आधी: फोटो निवडताना, चौकटी मोजताना आणि कापडं लावताना.

फोटो सपाट असणं

समोरून फ्लॅश मारलेला फोटो टाळा. लग्नाच्या अल्बममधले बरेच फोटो असेच असतात. कपाळ, नाक, गाल सगळं सारखंच उजळ, त्यामुळे चौकोनांत उतरवायला सावलीच उरत नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने पडलेला फोटो उत्तम. जुने स्टुडिओतले कृष्णधवल फोटोही छान उतरतात. ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करू नका. मागचं झाड, पडदा, कपाट कापून टाका आणि चौकटीचा बहुतेक भाग चेहऱ्याला द्या.

चौकोन कमी पडणं

चित्रकलेत चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी धरतात. इथे हेच गणित वापरा. चेहऱ्याला रुंदीत 10 चौकोन दिले, तर एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम 2 येतात. त्यात पापणी, बुबुळ आणि पांढरा भाग कसे मावणार? 25 चौकोन दिले की डोळ्याला 5 मिळतात, आणि एवढ्यात नजर उतरते.

भिंतीवर लावायच्या गोधडीसाठी 48 आडवे आणि 60 उभे, म्हणजे 2880 चौकोन हे चांगलं माप आहे. दीड इंचाचा तुकडा कापायचा, चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत दुमडली जाणारी कड) जाते आणि समोर एक इंच दिसतो. मांडणी 72 बाय 90 इंच भरते, शिवून झाल्यावर ती 48 बाय 60 होते. मांडायला जागा मोठी लागते, याचा विचार आधीच करा. 44 इंची पन्ह्याचं सगळ्या छटा मिळून साधारण साडेचार मीटर कापड पुरतं.

चष्म्याची बारीक काडी, नथीची तार, मंगळसूत्राचे मणी एक इंचाच्या चौकोनात बसत नाहीत. ते बसवायचा अट्टहास केला की चेहऱ्यावर डाग पडल्यासारखं दिसतं. गोधडी पूर्ण झाल्यावर ते दोऱ्याने भरा. कुंकू मात्र मोठं असेल तर चौकोनांत सुरेख येतं.

रंगाच्या मागे लागणं

सगळ्यात जास्त गोधड्या इथेच फसतात. त्वचेसाठी त्वचेच्या रंगाचं कापड शोधत लोक दुकानं पालथी घालतात. चेहरा ओळखू येतो तो गडद-फिकटपणावरून. सावली बाटलीच्या हिरव्या रंगाची असू द्या, जांभळी असू द्या; ती हवी तितकी गडद असेल तर गाल गालासारखाच दिसेल. उलट बदामी, गव्हाळ, गुलाबी असे अगदी खरे रंग घेतले आणि तिघांचा गडदपणा सारखाच निघाला, तर नाक गालात विरघळून जातं.

म्हणून फोटो आधी कृष्णधवल करा आणि तो 7 किंवा 8 छटांत विभागा. त्याहून जास्त छटा कापडात वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग कापडाचे नमुने फिकटापासून गडदापर्यंत ओळीने लावा आणि मोबाइलच्या कृष्णधवल फिल्टरमधून पाहा. सगळे नमुने एकाच फोटोत, दिवसाच्या उजेडात घ्या. एकेक वेगळा टिपलात तर कॅमेरा प्रत्येक वेळी उजेड आपणच जुळवून घेतो आणि तुलना खोटी ठरते. लाल आणि हिरवा शेजारी ठेवून पाहा: डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी फिल्टरमध्ये ते बऱ्याचदा एकाच राखाडीचे निघतात.

दुसरी गोष्ट. आपल्या घरातले कुर्ते, ब्लाउजपीस, साड्या बहुतेक मधल्या छटांचे असतात. अगदी गडद आणि अगदी फिकट कापड कमी पडतं, आणि चेहऱ्याला धार या दोन टोकांनीच येते. डोळ्यातला उजेडाचा ठिपका हा एक पांढरा चौकोन असतो, पण तो नसेल तर नजर मेलेली वाटते. टोकाच्या छटांसाठी मॅचिंग सेंटर गाठा. टू बाय टूचे ताके तिथे छटांनुसारच लावलेले असतात, आणि पाव मीटर मागायला संकोच करू नका.

बारीक नक्षीचं कापड चालतं. लांबून ते एकच छटा वाटतं. मोठ्या बुट्ट्यांचं कापड फसवतं, कारण एका तुकड्यात फूल येतं आणि दुसऱ्यात नुसती जमीन. छापील कापडाची उलटी बाजू फिकट असते, ती जरूर वापरा.

मांडणी तपासायची ती तीन-चार मीटर मागे जाऊन, डोळे किलकिले करून. जवळून ती नुसती ठिगळंच दिसते, आणि घाबरून केलेले बदल बहुधा चुकतात. 1973 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतले संशोधक लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्या राखाडी चौकोनांत दाखवला होता. जवळून तो ओळखू येत नाही, धूसर करून पाहिला की लगेच ओळखू येतो. चौकोनांच्या कडा डोळ्याला अडवतात, त्या पुसल्या गेल्या की मागचा चेहरा पुढे येतो.

साड्यांचा मोह

ज्या व्यक्तीची गोधडी, तिच्याच साड्या वापराव्यात असं मनापासून वाटतं, आणि वापराव्याच. पण नीट निवडून. जरीचं किंवा रेशमी कापड चमकतं, बाजू बदलली की त्याची छटा बदलते. ते चेहऱ्यात नको, पदरात किंवा कडेला घ्या. सिंथेटिक साडी गरम इस्त्रीखाली आकसते. विरलेल्या सुती साडीला मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावलं तर ती छान टिकते. खण आणि जीन्स टाळा: माया धरून गोधडीत कापडाचे सरासरी सव्वादोन थर होतात, जाड कापडाने ती पुठ्ठ्यासारखी ताठ होईल.

लाल, निळं, काळं कापड आधी वेगळं धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवा. तरीही सुटत असेल तर ते कापड बाजूला ठेवा, कारण एकच लाल तुकडा धुण्यात सगळा गाल रंगवून टाकतो.

चेहरा लांबट होणं

पाव इंच म्हणजे दोन सूत. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची माया अर्धं अर्धं सूत जास्त गेली, तर 48 चौकोनांच्या 47 शिवणींत जवळजवळ 6 इंच जातात. उभ्या शिवणी अशा आणि आडव्या बरोबर असल्या की चेहरा बारीक आणि लांब होतो. आधी 10 तुकड्यांची पट्टी शिवून मोजा. मधले 8 चौकोन नेमके 8 इंच भरले पाहिजेत.

सोपा मार्ग फ्युजिंगचा. पातळ फ्युजिंगवर दीड इंचाच्या चौकटी आखा, गोंदाची बाजू वर ठेवून तुकडे कडेला कड लावून मांडा. इस्त्री दाबा, सरकवू नका. मग रेघेवर घडी घालून एका दिशेच्या सगळ्या शिवणी मारा. आडव्या-उभ्या रेघा मिळतात तिथे माया टाक्यापर्यंत कातरा (टाका तुटू देऊ नका) आणि आलटून पालटून विरुद्ध बाजूंना दाबा. दुसऱ्या दिशेच्या शिवणी त्यानंतर. एकाच दिशेच्या शिवणी झाल्यावर चेहरा चेपलेला दिसतो, तेव्हा काही उसवू नका. अख्खी गोधडी एकदम घेण्याऐवजी 16 बाय 20 चौकोनांचे 9 भाग करा, प्रत्येकावर क्रमांक आणि वरच्या बाजूची खूण लिहा.

फ्युजिंगशिवाय काम करत असाल तर भिंतीवर फ्लॅनेल ताणून त्यावर तुकडे लावा, आणि पंखा बंद ठेवा.

शिवून झाल्यावर चूक दिसली तर

उसवायची गरज नाही. फार फिकट चौकोनावर काळ्या नेटचा तुकडा शिवला की छटा थोडी गडद होते. आणखी गडद हवी असेल तर नेट दोन पदरी घ्या. चौकोन फार गडद असेल तर त्यावर कडा दुमडून फिकट तुकडा हाताने लावा. धावदोरा चौकोनांच्या मधून न्या, कोपऱ्यांवरून नको. तिथे थर इतके असतात की सुई अडते. दोरा मधल्या राखाडी रंगाचा घ्या. पांढरा दोरा गडद केसांवर आणि काळा दोरा उजळ कपाळावर रेघा ओढतो.